अबू हनानच्या सात चाली

सोमवार, ६ सप्टेंबर २००४

डायरी लिहायचं सोडून चार वर्षं झाली असतील. आज पुन्हा वही काढली, कारण आज मला काम मिळालं. लायब्ररीतलं आहेच, ते नव्हे. गाण्याचं.

दुपारी एक बाई नोटीसबोर्डावर लावायला चिठ्ठी घेऊन आली. पस्तिशीची असेल, गळ्यात हॉस्पिटलच्या फार्मसीचा बिल्ला. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘गाण्याची चाल ऐकून उतरवून घेणारी व्यक्ती हवी. धीर हवा.’ मी विचारलं, कुणाची चाल? तर म्हणाली, माझ्या वडिलांची, रऊफ मन्सूर. मला काहीच बोध झाला नाही. मागे रांगेत एक टॅक्सीवाला उभा होता, तो मात्र पुस्तक तसंच हातात धरून पुढे आला आणि तिच्याशी अरबीत बोलू लागला. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. इराकमधल्या बसऱ्याचे मोठे गायक आणि संगीतकार आहेत म्हणे. तिकडे लग्नात, चहाच्या दुकानात, रेडिओवर तीस वर्षं त्यांचीच गाणी वाजली. इथे साउथहॅम्प्टनला येऊन बारा वर्षं झाली.

आता त्यांना घशाचा कॅन्सर आहे. चौदा ऑक्टोबरला ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार. त्यानंतर कुजबुजसुद्धा नाही. आणि डोक्यात सात नव्या चाली आहेत, ज्या अजून कुणीच ऐकलेल्या नाहीत. त्यांना नोटेशन येत नाही. टेप करून पाहिलं तर नुसती घरघर ऐकू येते.

मी चिठ्ठी बोर्डावर लावलीच नाही. पर्समध्ये टाकली.

बुधवार, ८ सप्टेंबर

शर्ली भागातला पहिल्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. बाईचं नाव हनान, आणि त्यांच्याकडे बापाला मुलांच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, म्हणून ते अबू हनान, म्हणजे हनानचे बाबा. सहासष्ट वर्षांचे. घरात बसून टाय लावलेला. मला पाहून उठून उभे राहिले, उजवा हात छातीवर ठेवला. आवाज म्हणजे कागद फाडल्यासारखा, पण इंग्रजी समजतं.

मी विचारलं, लंडनमध्ये तुमचे वादक असतील की, त्यांना का नाही बोलावलं? तर म्हणाले, “त्यांनी माझा आवाज ऐकलाय. हा त्यांनी ऐकू नये. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.”

माझ्याआधी एक रिटायर्ड पियानो टीचर आली होती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, हे मला लिहिता येणार नाही, लिहिलं तर चुकीचं लिहीन. आणि गेली. मला मनातल्या मनात हसू आलं. मेमबाईला काय जमणार म्हणा. मी नाशिकला मीनाक्षीताईंकडे अकरा वर्षं तालीम घेतलेली आहे, आमची सरगम कुठलीही चाल पकडू शकते, असं मी हनानला ऐकवलंसुद्धा.

पेटी घेऊन गेले होते. पद्धत अशी ठरली : त्यांनी एक ओळ घरघरत्या गळ्यानं म्हणायची, मी ती पेटीवर शोधायची, मग माझ्या गळ्यातून म्हणून दाखवायची. त्यांनी मान हलवून हो म्हटलं की सरगम वहीत लिहायची आणि माझ्या आवाजात कॅसेटवर घ्यायची.

पहिल्या ओळीला पाच वेळा नाही. “थोडं खाली,” म्हणाले. मी एक पट्टी खाली गेले. “थोडं वर,” म्हणाले. मी वरची दाबली. असं पाच वेळा. सत्तेचाळीसाव्या वर्षी परीक्षेत नापास होत असल्यासारखं वाटायला लागलं. सहाव्या वेळी त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. हुश्श झालं.

रविवार, १२ सप्टेंबर

पहिली चाल पूर्ण. संध्याकाळी नदीवर पोहणाऱ्या पोरांना हाका मारून घरी बोलावणाऱ्या आईचं गाणं आहे. शब्द त्यांचेच.

यतीन नाइट ड्यूटीवरून येऊन दुपारी उठला तेव्हा मी रियाजच करत होते. दारात उभा राहून म्हणाला, “अगं, पण तुला अरेबिक म्युझिकमधलं काय कळतं?”

“सूर कळतात. सूर काय, सगळीकडे सारखेच.”

“बरं बाई. आय ॲम जस्ट आस्किंग.”

भूल देणाऱ्या डॉक्टरनं बायकोला गाण्यातलं विचारू नये. मी त्याच्या इंजेक्शनांत नाक खुपसते का?

रविवार, १९ सप्टेंबर

काल इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्यांनंतर सगळ्यांनी आग्रह केला म्हणून एक अभंग म्हटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज असा मोकळा लागला. सुचेता म्हणाली, “उल्का, तू काय खातेस हल्ली?” मी नुसती हसले. रोज दोन तास कुणीतरी समोर बसून आपलं गाणं लक्ष देऊन ऐकतं, हे काय सांगायचं तिला. इथे आल्यापासून माझं गाणं म्हणजे वर्षातून एकदा आरत्या आणि कुणाच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं.

दुसरी चालही झाली. आता ते फार नाही-नाही करत नाहीत. दोन-तीनदा म्हटलं की मान डोलावतात. त्यांना माझा अंदाज आलाय आणि मला त्यांचा.

आज विचारलं, “सिस्टर, तुम्ही गाणं का सोडलं?” मला ते सिस्टर म्हणतात, हॉस्पिटलातल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, सोडलं कुठे, राहून गेलं. त्यांनी परत विचारलं नाही. चहाचा पेला माझ्याकडे सरकवला.

मंगळवार, २८ सप्टेंबर

चार झाल्या. आज एक चमत्कारिक गोष्ट घडली. मी पेटी उघडली तर त्यांनी पुढे होऊन भात्यावर तळवा ठेवला. “आज हे नको,” म्हणाले. मी समजावलं, अहो, पेटीशिवाय सूर पक्का कसा होणार, मग लिहिणार काय? त्यांनी हात उचलला. “सॉरी, सिस्टर.” पुढचा अर्धा तास ओळी सांगत होते, पण बघत होते खिडकीबाहेर, समोरच्या गॅरेजकडे. आजारी माणूस आहे, लहरी असणारच.

हनान किचनमध्ये म्हणाली, “तुम्ही गेल्यावर बाबा पडून राहतात. पूर्वी सारखं काहीतरी घशात घोळवत असायचे.” मी म्हटलं, अशक्तपणा असेल. टेप कशी वाटते, असं विचारलं तर म्हणाली, “मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तुमचा आवाज छान आहे, घरात भरून राहतो.”

बसमधून येताना हे वाक्य मनात घोळवत होते. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

सोमवार, ११ ऑक्टोबर

सातवी झाली. तीन दिवस हातात राखून. शेवटची तर चाळीस मिनिटांत, एकदाही नाही न म्हणता. मी पेटी मिटली, वही आणि कॅसेट हनानच्या हातात दिली. ती रडायला लागली, मग मीही.

निघताना पाहिलं तर अबू हनान डोळे मिटून ती पहिली, नदीवरच्या आईची चाल स्वतःशीच म्हणत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोट घालून मी दारातच उभी राहिले. मी उतरवली त्यापेक्षा काही जागा किंचित वेगळ्या वाटल्या, पण तो घसा बसलेला, दुसरं काय.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. व्यवस्थित पार पडलं.

शनिवार, २३ ऑक्टोबर

भेटून आले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. श्वास तिथून घेतात. मुलांची खोडता येणारी पाटी असते तशी एक पाटी मांडीवर असते, पण त्यावर काही लिहीत नाहीत. रेडिओ लावला तर हातानं बंद करा म्हणतात. मी कॅसेटचा विषय काढला तर तोंड भिंतीकडे केलं. हनान म्हणते, वेळ लागेल.

शनिवार, ६ नोव्हेंबर

लिहायला हात होत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी याला वेगळा रंग देईन.

त्यांचा जुना व्हायोलिनवादक शाकिर लंडनहून आला होता. वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस. आता तो फाटका आवाज कुणी ऐकेल ही भीती उरली नाही म्हणून अबू हनाननी त्याला येऊ दिलं. शाकिरच्या ओळखीची एक चांगली गायिका अम्मानला आहे, ती या सातही चाली गाणार, मार्चमध्ये रेकॉर्डिंग. हनाननं मलाही बोलावलं. मी चांगली साडी नेसून गेले.

अबू हनान आतल्या खोलीत झोपले होते. पुढच्या खोलीत आम्ही कॅसेट लावली. माझाच आवाज, स्वच्छ, सुरेल. शाकिर दोन चाली संपेपर्यंत डोकं खाली घालून बसला. मग म्हणाला, “फार गोड आवाज आहे तुमचा, मॅडम.” हनाननं विचारलं, मग? तो हातातल्या व्हायोलिनच्या गजाशी खेळत म्हणाला, “हे छान इंडियन गाणं आहे.”

मी म्हटलं, म्हणजे काय?

त्यानं व्हायोलिन उचललं आणि माझीच पहिली ओळ वाजवली. तिसरा सूर आला. तो कोमल गंधार नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोन्हींच्या मधोमध, आणि अगदी ठाम. मग उतरताना तोच सूर केसभर खाली. माझ्या पेटीत तिथे पट्टीच नाही, दोन पट्ट्यांमधलं लाकूड आहे.

थोडं खाली. थोडं वर. ते मला पहिल्या दिवशी हेच सांगत होते.

मी शाकिरला विचारलं, तुम्ही दुरुस्त करू शकाल ना? तो म्हणाला, “अंदाज करीन. पण प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वाटा असतात. कुठली घ्यायची ते फक्त त्यांना माहीत. माझा अंदाज म्हणजे माझं गाणं.”

ती पियानो टीचर प्रामाणिक होती. मी नाही म्हणायला लाजले, एवढाच आमच्यातला फरक.

रविवार, ७ नोव्हेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी यतीनला सगळं सांगितलं. तो टोस्टला लोणी लावता लावता ऐकत होता.

“त्यांना सांगू नकोस,” म्हणाला. “ते आता काही करू शकणार नाहीत. मग आणखी त्रास कशाला? त्या शाकिरला करू दे ॲडजस्ट. पब्लिकला काय कळणार?”

“त्यांना कळेल.”

“उल्का, ही इज अ सिक मॅन.”

“आणि मी त्यांच्या सात चाली खाल्ल्या, यतीन. महिनाभर जाऊन, चहा पिऊन, साडी नेसून.”

त्यानं लोणी लावलेला टोस्ट माझ्या ताटलीत ठेवला आणि स्वतःला दुसरा घेतला.

मीनाक्षीताई पेटी वर्गात आणू देत नसत. तंबोऱ्यावरच गा, पेटीनं कान आळशी होतो म्हणायच्या. मला ते सोवळं वाटायचं. इथे आल्यावर मंडळाच्या आरत्यांसाठी पेटी घेतली आणि हळूहळू तीच माझी गुरू झाली. एवढी अकरा वर्षांची तालीम, पण कुणी सूर दाखवला की आधी माझं बोट पट्टी शोधतं.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

सांगितलं. त्यांच्या खुर्चीसमोर बसून, सरळ. सातही चाली मी चुकीच्या उतरवल्या आहेत, तुमचे सूर मी पेटीत कोंबले, मला माफ करा.

त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं : मला माहीत आहे.

पहिल्या दिवसापासून? मी विचारलं. मानेनं हो.

मला राग आला. खरंच आला, माझीच चूक असून आला. म्हटलं, मग नाही म्हणायचं होतंत. मी लहान मूल आहे का, मला खूश ठेवायला? तुमचं एवढं आयुष्याचं काम आणि तुम्ही माझ्यावर दया करत बसलात?

ते बराच वेळ लिहीत होते. पुसून पुन्हा लिहीत होते. हनाननं वाचून दाखवलं, कारण मध्येच इंग्रजी संपून अरबी सुरू झालं होतं. “पाचव्या नाहीनंतर तुमचा आवाज बारीक झाला. मला वाटलं, सहाव्यांदा नाही म्हटलं तर ही उठून जाईल, आधीची गेली तशी. मग माझ्याकडे कोण येणार होतं? तुम्ही गायला लागलात की खोलीत माणूस आल्यासारखं वाटायचं. दया तुमच्यावर नाही केली.”

मी म्हटलं, मी परत येते, पेटी न घेता, आपण पहिल्यापासून करू. तुम्ही ऐकू तर शकता. त्यांनी सगळं पुसलं आणि एकच शब्द लिहिला : संपलं. आणि भिंतीकडे वळले.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

तरी गेले. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. रमझानचे शेवटचे दिवस, हनानचा उपास, ती ओट्याशी संध्याकाळच्या सुपाची मसूर धूत होती. मी किचनच्या स्टुलावर बसले, तंबोऱ्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा लावला आणि ती पहिली ओळ म्हणायला घेतली, त्यांच्यासाठी म्हणून नव्हे, मलाच तो सूर सापडतो का बघायला. सापडत नव्हता. शाकिरचं व्हायोलिन कानात होतं पण गळा दर वेळी घरंगळून ओळखीच्या जागी जायचा. आठ वेळा, दहा वेळा. माझं मलाच ऐकवेना.

आतून भिंतीवर टकटक झाली. दोनदा.

हनाननं नळ बंद केला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा दोनदा टकटक, या वेळी जोरात.

“गप्प बसा म्हणतायत का?” मी विचारलं.

ती म्हणाली, “नाही. लहानपणी माझा पाढा चुकला की असंच करायचे.”

मी सूर थोडा उतरवून म्हटला. टकटक. आणखी उतरवला. टकटक. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि ते बाहेर आले, विस्कटलेल्या केसांनी, टाय न लावता. माझ्यावर चिडले होते. समोर खुर्ची ओढून बसले आणि तळवा जमिनीला समांतर माझ्या डोळ्यांसमोर धरला.

शनिवार, १३ नोव्हेंबर

त्यांची उद्या ईद. हनान दुपारभर खजुराची बिस्किटं करत होती आणि आम्ही दोघं तीन तास समोरासमोर. हाताची भाषा मला आता समजते : तळवा खाली म्हणजे सूर खाली, वर म्हणजे वर, आणि बोटं थरथरली म्हणजे जवळ आलीस पण तिथे नाहीस. तळवा किती हलतो म्हणाल तर पोळीच्या जाडीइतका. मान मात्र एकच काम करते, नाही.

पहिल्या ओळीला मी मोजले, एकतीस वेळा नाही. एकतीस. मधे मला रडू आलं तर त्यांनी रुमाल पुढे केला, डोळे पुसू दिले आणि परत नाही. एकदाही हो म्हणून सोडून दिलं नाही. विसाव्या वेळी आवाज बारीक झाला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, मी कुठेही जात नाहीये. त्यांनी हात परत वर धरला.

बत्तिसाव्या वेळी तळवा हलला नाही. तिसरा सूर लागला, राहिला, उतरताना केसभर खाली आला, आणि मी ओळीच्या शेवटी थांबून मान डोलावण्याची वाट पाहत राहिले. ती काही डोलली नाही. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ, बिनआवाजाचे, पुढची ओळ म्हणू लागले होते.